तीन फुटांचा नियम

मास्तरांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणायची. साफ खोटं. कारण लागायचं, आणि चाळीस वर्षांत ते एकदाही बदललं नाही. माप न घेता कोणी कापडाला कात्री लावली की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अरे, कापलेलं जोडता येतं, पण ते जोडलेलं दिसतं!" असं ते प्रत्येक नव्या कारागिराला सांगत. कारागीर मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी अंदाजानं कापत. मग मास्तर त्यांना दार दाखवत. असं करता करता म्हातारपणी दुकानात दोघंच उरले, मास्तर आणि अक्का.

अक्का त्यांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले. अक्कानं लोकांच्या शर्टांना काजं-बटणं करून धाकट्या भावाला वाढवलं आणि त्याला शिवणाचं मशीन घेऊन दिलं. भाऊ शिवायला लागला तशी ती त्याच्या शर्टांची काजं करायला बसली, ती बसलीच. हातकाज. एका काजाला साठ टाके, एकाला एक खेटून. मास्तरांच्या शर्टाचं कापड विटायचं, कॉलर झिजायची, पण काज उसवलं म्हणून कोणी परत आल्याचं कोणाला आठवत नाही.

दुकान आणि राहतं घर म्हणजे एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढची रस्त्याकडे तोंड करून, लख्ख उजेडाची. तिथं मास्तरांचं मशीन, कापड बेतायचं टेबल, उंच आरसा. मागची खोली अक्काची. तिला एकच बुटकी खिडकी, जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर, आडव्या-उभ्या गजांची. त्या खिडकीशी स्टूल टाकून अक्कानं तीस वर्षं काजं केली. मग तिची नजर गेली. आधी पांढऱ्यावरचा पांढरा दोरा दिसेना, मग काळ्यावरचा काळा, मग दोरा कुठला आणि कापड कुठलं तेच कळेना. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांवर फार ताण पडलाय. मास्तर म्हणाले, वय झालं, दुसरं काय. त्याला आता दहा वर्षं झाली.

खिडकीबाहेर, इमारत आणि आवाराची भिंत यांच्यामध्ये पाच फूट रुंदीची मातीची पट्टी होती. एके काळी तिच्यावर दुपारपर्यंत ऊन असायचं. अक्काचे गुलाब असायचे, शेवंती असायची. मग इमारतीच्या कमिटीला सुरक्षितता सुचली. भिंत पहिल्या मजल्याच्या उंचीची झाली, आणि तिच्या आधारानं पट्टीच्या अर्ध्या भागावर गाड्यांसाठी पत्रा चढला. चोर काही आला नाही, पण ऊन मात्र कायमचं गेलं. सकाळी इमारतीची पाण्याची टाकी आणि भिंत यांच्या फटीतून अर्धा तास काय तो उजेड यायचा. गुलाब वाळले, शेवंती काळी पडली. तेव्हा अक्काला अजून सावल्या कळायच्या. ती म्हणाली, "असू दे. दिसणारं नकोच आता मला. वास येणारं काहीतरी लाव."

ते काहीतरी एका नर्सबाईंनी आणलं. त्यांचा गणवेश कमरेत घट्ट झाला होता, तो सैल करायला आल्या होत्या. अक्काचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. पुढच्या खेपेला त्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार कंद घेऊन आल्या, आल्याच्या गड्ड्यासारखे दिसणारे. "सोनटक्का आहे. आमच्या क्वार्टर्सच्या मागं, मोरीच्या पाण्यावर येतो, सावलीतच. फार खोल पुरू नका. पाणी द्या भरपूर. पुरुषभर उंच होईल. आणि एक लक्षात ठेवा मास्तर, शेंडा कापायचा नाही. फूल शेंड्यालाच येतं."

"बाई, मला कापण्याबद्दल सांगता?" मास्तर म्हणाले.

पहिल्या वर्षी दोन दांडे आले आणि थंडीत मरगळले. मास्तरांना वाटलं, संपलं. पण दुसऱ्या वर्षी जमीन फोडून आठ कोंब वर आले, टोकदार, घट्ट गुंडाळलेले. मास्तर दर रविवारी टेप घेऊन मागं जात, सर्वांत उंच दांड्याचं माप घेत आणि भिंतीवर खडूनं खूण करत. एक फूट, दीड फूट, अडीच, साडेतीन. मोजून झालं की खिडकीशी वाकून आत ओरडत, "अक्का, साडेतीन!"

"अरे, झाड आहे ते, पँट नाही," अक्का आतून म्हणे.

आणि मग यायचे ते आलेच. इमारतीचे सेक्रेटरी. या गृहस्थांनी कुठल्याशा कचेरीत पस्तीस वर्षं कागदांना भोकं पाडून फायली लावल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर ते माणसांना आणि झाडांना फायलीत लावायला निघाले होते. इमारतीत त्यांना सगळे मागं 'फूटपट्टी' म्हणत, तोंडावर साहेब म्हणत. त्यांनी नियम काढला होता: सामाईक जागेतली झाडं तीन फुटांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. का? तर आड लपायला जागा राहते. दर पंधरा दिवसांनी कंत्राटी माळी यायचा, घरघरतं मशीन चालवायचा आणि आवारातली सगळी झाडं पोरांच्या हजामतीसारखी एका पातळीत आणून निघून जायचा. सोनटक्क्याचे आठही शेंडे त्यानं असेच उडवले. भिंतीवरच्या खडूच्या खुणा साडेतीनला थांबल्या.

मास्तर सेक्रेटरींच्या दारात गेले. "साहेब, त्याचं फूल शेंड्याला येतं. शेंडा कापला तर राहिलं काय?"

"पानं राहतात की," सेक्रेटरी म्हणाले. "हिरवं दिसतं."

तिसऱ्या वर्षीही तेच झालं. मास्तर भांडले, अर्ज लिहिला, दुसरा लिहिला. उत्तर काय आलं? भिंतीवर खडूच्या रेघा ओढून सामाईक मालमत्ता विद्रूप केल्याबद्दल समज! आणि त्या रेघांवर रंगाचा हात. झाड कधी किती वाढलं आणि कुठं कापलं गेलं याचा एकमेव पुरावा होता तो, तो त्यांनी ब्रश फिरवून पुसून टाकला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पण खरी कमाल चौथ्या वर्षी झाली. दांडे आता तेवीस झाले होते. रविवारी सकाळी गाड्यांच्या पत्र्याखाली खुर्च्या मांडून इमारतीची सभा भरली आणि सेक्रेटरींनी कागद वाचून दाखवला. मागच्या पट्टीतल्या झाडांना गेली तीन वर्षं फूल आलेलं नाही. सबब ती निरुपयोगी झाडं काढून तिथं फरशी बसवावी.

मास्तर उठले. खुर्ची मागं पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"फूल आलेलं नाही? तुम्ही शेंडा कापता, साहेब! दर पंधरा दिवसांनी कापता! एखाद्याची जीभ छाटायची आणि वर विचारायचं, हा बोलत का नाही?"

"मास्तर, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"झाडं सारखी आहेत का? माप घेतलंत कोणी? माझ्या दुकानात दोन भावांना एका मापाचा शर्ट शिवला तर दोघं मला बडवतील. आधी तुम्ही भिंत उंच केलीत. ऊन तुम्ही नेलंत. गुलाब गेले, आम्ही गप्प बसलो. मग सावलीत येणारं लावलं. आता सावलीतलंही खुपतं? माझी बहीण त्या अंधारात बसलीय, तिच्या वाट्याला काही म्हणजे काही ठेवायचं नाही, असं ठरवलंय का तुम्ही?"

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी, ज्यांचे सगळे ब्लाउज मास्तरांकडे होते, मूग गिळले. तिसऱ्या मजल्यावरचे काका फोन बघायला लागले. शेवटी सभेचे अध्यक्ष म्हणून बसवलेले एक आजोबा म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत वाट पाहू. बागेत फूल दिसलं तर ठराव रद्द. नाही दिसलं तर फरशी." सगळ्यांना पटलं. सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

"आणि तोवर कापणार नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

"नियमाला ठरावानं धक्का लागत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

म्हणजे फूल आलंच पाहिजे आणि शेंडा कापलाच पाहिजे. मास्तर घरी येऊन तासभर येरझाऱ्या घालत होते. अक्काच्या खोलीच्या दारातून त्यांना दिसलं, आत दिवा जळतोय. भर दुपारी. गेले दोन महिने हेच चाललं होतं. सगळा राग तिथं निघाला.

"अक्का, दिवा कशाला? तुला दिसत नाही, मला तिकडं काम नाही. कुणासाठी जाळतेस?"

"असू दे," अक्का म्हणाली.

"असू दे काय? काही अर्थ आहे का त्याला?"

"असू दे म्हटलं ना."

मास्तर दारातूनच परतले. ते नेहमी दारातूनच परतत. चहाचा कप दारातल्या फळीवर ठेवायचा, ताट ठेवायचं, आणि परत पुढं. आत जायला वाट तरी कुठं होती? लोकांनी शिवून घेतलेले आणि न नेलेले कपडे तिथं एका लांब दांडीवर टांगलेले असत, आणि त्यांच्यापलीकडे अक्काचं स्टूल आणि खिडकी.

मास्तरांनी पहारा ठेवला. माळी पंधरा दिवसांनी यायचा, तो दिवस त्यांनी धरून ठेवला होता. सेक्रेटरींनी त्याला दोन दिवस आधी बोलावलं. मास्तर तेव्हा एका जाडजूड गिऱ्हाइकाच्या कोटाची ट्रायल घेत होते. पाठीला झोळ पडत होता, तो टाचण्यांनी धरत होते, आणि उरलेल्या सहा टाचण्या ओठांत. मागून घरघर ऐकू आली. मास्तर पळाले. दुकानाला वळसा, पत्र्याखालून, गाड्यांमधून. माळी पाठमोरा होता, मशीन सपासप चाललं होतं. "थांब" म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं आणि आठवलं, तोंडात टाचण्या. एक एक काढून खिशाला लावेपर्यंत शेवटचा दांडा पडला. त्या साठ वर्षांच्या माणसाला आयुष्यात इतकं मुकं कधी व्हावं लागलं नव्हतं.

"मला कशाला बोलता मास्तर," माळी म्हणाला. "मला साहेबांनी सांगितलं. मी काय करणार?"

खाली पडलेल्या शेंड्यांत हिरवी, खवल्याखवल्यांची कणसं दिसत होती. पाच-सहा शेंड्यांना तर ती बोटाएवढी झाली होती. मास्तरांनी ती गोळा केली आणि अक्काच्या दारात नेऊन तिच्या ओंजळीत ठेवली. अक्कानं बोटं फिरवली. नखानं एक खवलं उचकलं, आत पांढरं काहीतरी गुंडाळलेलं होतं, ते तिनं पानावरून हात फिरवावा तसं चाचपलं.

"आठ दिवस हवे होते," ती म्हणाली.

"मी त्या फूटपट्टीला सोडणार नाही!"

"ते नंतर. पुढं गिऱ्हाईक टाचण्या टोचून घेऊन उभं आहे, त्याला आधी सोड."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, सेक्रेटरी पाहणीला आले. बरोबर ते सभेतले आजोबा, एक फरशीवाला आणि हातात कागद. फरशांचा ढीग सकाळीच येऊन पडला होता. निकाल लागायच्या आधी फाशीचा दोर आणतात तसा. मास्तर पट्टीच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभे होते. समोर तीन फुटांवर छाटलेले दांडे, त्यांची टोकं तपकिरी पडलेली.

"फूल नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आजोबा, तुम्ही पाहिलंत. लिहून घेतो."

"बावीस," मास्तर एकदम म्हणाले.

"काय?"

"दांडे बावीस आहेत. तेवीस होते. एकाचा बुंधा आहे आणि वरचा भाग... अहो, हा गेला कुठं?" मोजायची सवय होती म्हणून कळलं. खिडकीला अगदी खेटून आलेला एक दांडा जमिनीतून वर आला होता आणि अडीच फुटांवर वाकून गजांच्या आत शिरला होता. मशीन तीन फुटांवरून फिरलं, ते त्याच्या डोक्यावरून गेलं.

खिडकीतून अक्काचा आवाज आला. "बाहेर काय बघताय? आत या."

चौघं दुकानातून मागच्या खोलीत आले. दिवा चालूच होता. अक्कानं दांडीवरचा एक लांब काळा ओव्हरकोट बाजूला सरकवला. तो कोणीतरी बारा वर्षांपूर्वी शिवायला टाकला होता आणि नेलाच नव्हता. कोटामागं सोनटक्का उभा होता. गजांमधून आत ओढलेला, काजाच्या रेशमी दोऱ्यानं तीन ठिकाणी गजाला बांधलेला, सरळ, अक्काच्या डोक्यापेक्षा उंच. शेंड्याला कणीस, आणि कणसातून दोन फुलं उमललेली. पांढरीशुभ्र. त्या कोंदट, इस्त्रीच्या वाफेच्या आणि जुन्या कापडाच्या खोलीत असा वास भरला होता की फरशीवाल्यानं आपण होऊन चपला दाराबाहेर काढल्या.

 सेक्रेटरींनी कागद उघडला. खरंच उघडला. "ठरावात 'बागेत फूल' असं आहे. हे खोलीत आहे."

मास्तर पुढं सरसावले, पण अक्का आधी बोलली.

"बरोबर आहे साहेब. खोलीत आहे. म्हणजे माझं आहे. माझ्या घरातल्या वस्तूवर तुमचा नियम चालत नाही, ना?"

"नाही... म्हणजे, नाही."

"मग तिचे पाय तेवढे बाहेर आहेत. ते उपटणार का तुम्ही?"

आजोबांना हसू आवरेना. फरशीवाला म्हणाला, "साहेब, मी काही त्याला हात लावणार नाही बुवा." सेक्रेटरींनी कागदाची घडी घातली, परत उघडली, आणि अखेर तोडगा निघाला तो असा: या एका दांड्याच्या बुंध्याभोवती दोन बाय दोन फूट माती सोडायची. बाकी सगळी फरशी.

"दोन बाय दोन!" मास्तर म्हणाले. "बावीस दांडे उपटून टाकणार आणि वर उपकार केल्यासारखं..." पण सेक्रेटरी बाहेर पडले होते. माप मात्र मास्तरांनी स्वतः घेतलं. टेप लावला, खडू मारला, आणि शिवणीला सोडतात तशी चारी बाजूंनी चार बोटं जास्त धरली. फरशीवाल्यानं पाहिलं आणि तेवढी फरशी कमी धरली.

सगळे गेल्यावर मास्तर मागच्या खोलीत आले. दारात थांबले नाहीत, आत आले. स्टुलाजवळ जमिनीवर बसले.

"म्हणून दिवा लावत होतीस?"

"कोंब होता तेव्हा खिडकीशी चाचपडताना हाताला लागला. आत ओढून घेतला. पण आत आला तर अंधारात वाढणार कसा? झाड उजेडाकडं झुकतं." अक्कानं गजावरचा रेशमी दोरा चाचपला. "मीही झुकायची. खिडकीकडं. मानेला रग लागायची."

"मला सांगितलं का नाहीस?"

"दोन महिने तो त्या कोटामागं वाढत होता. तू पाहिलं नाहीस, मग मला वाटलं, राहू दे." मग ती हसली. "सभेत छान बोललास हं. इथपर्यंत ऐकू येत होतं. ऊन तुम्ही नेलंत म्हणालास."

तिनं ते कौतुकानंच म्हटलं होतं. टोमणा मारणं अक्काला कधी जमलं नाही. पण मास्तरांना ते टोचलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर पुढच्या खोलीत उजेड होता आणि मागच्या खोलीत बहीण. भिंत उंच व्हायच्या आधीपासून ती तिथं होती. तीस वर्षं. तिला तिथं बसवताना कोणी माप घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी आपलं मशीन उचललं, टेबल ओढलं आणि सगळं मागच्या खोलीत आणायला लागले. "अक्का, आजपासून तू पुढं बस. उजेडात. मी इथं."

अक्कानं सगळी खुडबुड ऐकली. "आता?" ती म्हणाली.

एवढंच म्हणाली.  मास्तरांनी हातातलं मशीन खाली ठेवलं, काहीतरी करायला हवं म्हणून दांडीवरचा तो काळा ओव्हरकोट काढला. मालक येवो न येवो, त्याचं एक बटण लोंबत होतं. त्यांनी दिवा मालवला आणि अक्काच्या स्टुलावर बसले, अक्का बसायची तसे खिडकीकडं तोंड करून. सुई घेतली, काळा दोरा घेतला. ओवता येईना. दोरा ओला केला, टोक पिळलं, सुई गजांपर्यंत नेली, डोळ्यांपाशी आणली. सकाळचे दहा वाजले होते. सात-आठ वेळा चुकलं.

"दे इकडं," अक्का म्हणाली. तिनं सुईचं नेढं बोटाच्या टोकावर धरलं, दोरा त्याच्यावरून सरकवला आणि पहिल्याच खेपेला ओवून परत दिला. "बटणच लाव. काजाला हात लावू नकोस, ते माझं आहे."

मास्तरांनी काज बघायला कोट खिडकीशी धरला. काळ्या कोटावर काळा दोरा. डोळे फाडून पाहिलं, काही दिसलं नाही. मग त्यांनी अंगठ्यानं टाके मोजले. साठ होते, आणि एकही वाकडा नव्हता.